उमराव गेले, गाव राहिले



अलिबागेहून दक्षिणेला निघालात की नागाव, चौल ही वाड्यांची गावे मागे टाकीत दहा-अकरा मैलांवर रेवदंडा येतो. रस्ता गावात शिरतो तोच मुळी किल्ल्याच्या तटातून. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, कौलारू घरे, आणि मधेच माडांच्या शेंड्यांशी बरोबरी करणारा एक पडका मनोरा. त्याला आमच्याकडे सातखणी म्हणतात. सात खण आता कोणी मोजू म्हणेल तर मोजता यायचे नाहीत, पण नाव टिकून आहे. पोर्तुगिजांच्या एका देवळाचा हा मनोरा. पुढे कुंडलिकेची खाडी, आणि खाडीपलीकडे समुद्रात सोंड घातल्यासारखा लांबट डोंगर दिसतो तो कोर्लईचा किल्ला. त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव.

आता खाडीवर पूल आहे. तो १९८६ च्या सुमारास झाला. त्याआधी पलीकडे जायचे म्हणजे तरीत बसायचे. मी पहिल्यांदा गेलो तो असाच. शेजारी दोन म्हाताऱ्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. माझ्याशी बोलताना अगदी आपल्यासारखे मराठी. ‘गुरुजी, किल्ला बघायला आलात वाटतं?’ असे विचारून झाले, आणि मग त्या आपसांत बोलू लागल्या. मी कान दिला. मराठी नव्हे. कोकणी म्हणावे तर तेही नव्हे. तरवाल्याला विचारले तर तो म्हणाला, ‘ती त्यांची घरातली भाषा. तुम्हाला नाय कळायची.’

ती भाषा म्हणजे पोर्तुगीजची एक बोली. कोर्लईचे ख्रिस्ती लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात. ‘नो’ म्हणजे आपली, ‘लिंग’ म्हणजे भाषा. आपली भाषा! ती बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज इथून गेले १७४० साली. म्हणजे मालक गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, आणि मालकाची बोली मात्र चाकरांच्या ओसरीवर नांदते आहे.

मोठी माणसे मुलूख सोडून गेली म्हणजे मागे राहिलेल्या जमिनीचे आणि माणसांचे काय होते, हा आजचा आपला विषय. त्यासाठी मी तुम्हाला आधी फार लांब नेणार आहे, आयर्लंडात. कारण तिथे हीच गोष्ट घडली आणि तिचा शेवट अगदी निराळा झाला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे आपली आपल्याला नीट दिसते.

शाळेत नकाशा असेल तर शिक्षकांनी तो भिंतीवर लावावा. इंग्लंडच्या डाव्या हाताला आयर्लंडचे बेट आहे. त्याचा उत्तरेकडचा प्रांत अल्स्टर. त्या प्रांताचा ईशान्य कोपरा आणि स्कॉटलंड यांच्यामधला समुद्र जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे तो अवघा बारा-तेरा मैल भरतो, म्हणजे अलिबाग ते रेवदंडा या अंतराहून थोडासाच जास्त. हे अंतर लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सारे आयर्लंड जवळजवळ इंग्रजांच्या मुठीत गेले होते. राहिले होते ते अल्स्टर. तिथे जुनी आयरिश घराणी आपापल्या मुलखावर राज्य करीत. आपल्याकडचे देशमुख आणि लहानसे राजे यांच्यामधले काहीतरी समजा. त्यांत सर्वांत बलाढ्य ओनील घराणे. नवा ओनील गादीवर बसे तो टलीहोग नावाच्या टेकडीवर, एका दगडी आसनावर. ह्यू ओनील हा या घराण्याचा त्या काळचा पुरुष. तो वाढला इंग्रजांच्या छायेत, इंग्रजांनीच त्याला टिरोनचा अर्ल केले, आणि पुढे त्यानेच इंग्रजांशी नऊ वर्षे युद्ध केले. त्याला स्पेनच्या राजाची मदत येणार होती. ती आली १६०१ साली, पण उतरली किन्सेलला, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. ओनील आणि त्याचा सोबती ओडॉनेल भर हिवाळ्यात सारे बेट तुडवीत तिथे पोचले आणि तिथे त्यांचा पुरा मोड झाला. पुढच्याच वर्षी इंग्रज सेनापती माउंटजॉयने टलीहोगवर जाऊन ते दगडी आसन फोडून टाकले. गादी फोडली की राजा उरत नाही, हे सगळ्याच विजेत्यांना कळते.

इथे एक गंमत सांगतो. हा जो स्पेनचा राजा, तिसरा फिलिप, तोच त्या वेळी पोर्तुगालचाही राजा होता. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे दोन्ही राज्यांचा मुकुट एकाच डोक्यावर होता. म्हणजे किन्सेलला ज्याच्या नावाने गलबते आली, त्याच्याच नावाने त्या दिवशी रेवदंड्याच्या तटावर चौकी-पहारे चालले होते. तेव्हाचा समुद्र आपण समजतो तितका तुटक नव्हता.

१६०३ साली तह झाला. ओनीलला जमिनी परत मिळाल्या, अर्लपद राहिले, पण त्यातले पाणी गेले होते. इंग्रज अंमलदार रोज एक नवा दावा उकरून काढीत. हाताखालचे छोटे सरदार त्याच्याविरुद्ध फिर्यादी घेऊन सरकारात जात, नव्हे, त्यांना जायला लावीत. शेवटी १६०७ च्या उन्हाळ्यात त्याला लंडनला येण्याचे बोलावणे आले. गेलो तर परत येणार नाही, अशी त्याची खात्री झाली. ४ सप्टेंबर १६०७ रोजी अल्स्टरच्या पश्चिम भागात रॅथमलन नावाच्या बंदरात एक गलबत येऊन उभे राहिले, आणि त्यात टिरोनचा अर्ल ओनील, टिरकॉनेलचा अर्ल रोरी ओडॉनेल, ओनीलची बायको, त्यांची मुले, भाऊबंद, चाकर असे नव्याण्णवच्या आसपास लोक चढले. घाई इतकी की ओनीलचा पाच-एक वर्षांचा धाकटा मुलगा कॉन वेळेवर सापडला नाही. रीतीप्रमाणे तो दुसऱ्यांच्या घरी वाढत होता, गुरांच्या कळपामागे कुठे रानात होता. वाट पाहायला सवड नव्हती. गलबत सुटले. मुलगा इंग्रजांच्या हाती लागला. त्यांनी त्याला विलायतेत ईटनच्या शाळेत घातले आणि मग लंडनच्या टॉवरमध्ये कोंडले. बाप आणि मुलगा पुन्हा भेटले नाहीत.

त्या गलबतावर टाइग ओकिनान नावाचा एक लिहिणारा गृहस्थ होता. त्याने प्रवासाची बखर आयरिश भाषेत लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला बारीकसारीक कळते. वादळ उठले तेव्हा ओनीलने आपल्याजवळचा सोन्याचा क्रूस, ज्यात पवित्र लाकडाचा तुकडा होता, तो दोरीला बांधून गलबतामागे समुद्रात सोडला. आपल्या किनाऱ्यावर हे कोणाला समजावून सांगायला नको. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो तो याच धाकाने. तीन आठवड्यांनी ते स्पेनऐवजी फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. स्पेनच्या राजाने १६०४ सालीच इंग्लंडशी तह केलेला, त्याला हे पाहुणे नको होते. फिरत फिरत मंडळी रोमला पोचली. पोपने राहायला घर आणि खर्चाला काही दिले. ओडॉनेल वर्षाच्या आत तापाने गेला. ओनील मात्र आज परत जाऊ, उद्या परत जाऊ असे म्हणत आणखी आठ वर्षे जगला आणि १६१६ साली रोममध्येच वारला. तिथल्याच एका टेकडीवरच्या देवळात त्याला पुरला आहे.

आता इथवरची गोष्ट आयरिश लोक फार करुणेने सांगतात, आणि ती आहेच करुण. पण मला विचाराल तर खरी गोष्ट गलबत सुटल्यानंतर सुरू होते.

अर्ल पळाले म्हणून ते राजद्रोही ठरले, आणि राजद्रोही ठरले म्हणून त्यांची जमीन राजाची झाली. पुढल्याच वर्षी कहिर ओडोहर्टी नावाच्या एका तरुण सरदाराने बंड करून डेरी शहर जाळले, तेव्हा त्याचीही त्यांत भर पडली. मुलूख किती? सहा जिल्हे. डोनेगाल, कोलरेन, टिरोन, फर्मानाह, आर्मा आणि कॅव्हन. कागदावर हे सारे रिकामे झाले. प्रत्यक्षात तिथे माणसे होती, गुरे होती, शेते होती. पळाले ते शंभर. राहिलेले हजारोंनी.

या हजारोंचा हक्क काय, हा प्रश्न निघाला नाही असे नाही. १६०५ साली इंग्रज सरकारनेच जाहीर केले होते की, सामान्य रयत ही सरदारांची बांधील नाही, ती थेट राजाची प्रजा आहे. सरदारांचे बळ कमी करायचे होते तेव्हा हे बोलणे सोयीचे होते. १६१० साली जमीन वाटपाची वेळ आली, तेव्हा कॅव्हनच्या लोकांनी एक वकील उभा करून हेच म्हणणे मांडले की, जमीन आमच्या वाडवडिलांची, सरदाराचा गुन्हा आमच्या माथी का? सरकारतर्फे सर जॉन डेव्हिस उभा होता. मोठा बुद्धिमान कायदेपंडित आणि कवीही. त्याने सिद्ध करून दाखवले की या लोकांचा जमिनीवर कायद्याने मानावा असा हक्कच नाही. पाच वर्षांत कायदा उलटा झाला. सरदार होता तोवर रयत स्वतंत्र होती, सरदार गेल्यावर ती कोणाचीच राहिली नाही.

मग वाटप झाले. हजार, दीड हजार, दोन हजार एकर अशा फाळण्या पाडल्या. घेणाऱ्याने तीन-चार अटी मान्य करायच्या. दगड-विटांचे मजबूत घर आणि गढी बांधायची. दर हजार एकरांमागे चोवीस जवान पुरुष इंग्लंडातून नाहीतर स्कॉटलंडातून आणून वसवायचे. आणि मुख्य अट अशी की आयरिश कुळ जमिनीवर ठेवायचे नाही. सारा पाहा. बाहेरून आलेल्याला हजार एकरांना वर्षाला पाच पौंड सहा शिलिंग आठ पेन्स. जो आयरिश मर्जीतला म्हणून त्याला थोडी जमीन दिली त्याला बरोबर दुप्पट, दहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स. आपल्याच जमिनीला दुप्पट सारा! डेरी शहर आणि आसपासचा मुलूख लंडनच्या व्यापारी पंचायतींना दिला, म्हणून १६१३ साली त्याचे नाव लंडनडेरी झाले. त्या शहराला डेरी म्हणायचे की लंडनडेरी, यावरून बोलणारा कोणत्या बाजूचा ते तिथे आजही ओळखतात.

आणि स्कॉटलंडचे लोक का? एक तर त्या वेळी गादीवर असलेला राजा जेम्स हा स्वतःच मूळचा स्कॉटलंडचा. त्याला आपल्या लोकांना काही द्यायचे होते. दुसरे ते बारा-तेरा मैलांचे पाणी. इंग्लंडच्या माणसाला अल्स्टर हा परदेश होता, स्कॉटिश शेतकऱ्याला तो पलीकडचा काठ होता. अँट्रिम आणि डाउन या किनाऱ्याच्या दोन जिल्ह्यांत तर सरकारी वाटपाच्या आधीच, १६०६ पासून, हॅमिल्टन आणि मॉन्टगोमरी या दोन स्कॉटिश गृहस्थांनी आपल्या हिमतीवर माणसे आणून वसवली होती. ही माणसे कष्टाळू होती. त्यांनी रान तोडले, नांगर धरला, गावे उभी केली. त्यांतले पुष्कळ आपल्या देशात भुईहीन होते. त्यांना दोष देऊन काय होणार? ते पोटासाठी आले. त्यांचा धर्मपंथ निराळा, बोली निराळी, आणि ज्या जमिनीवर ते उतरले तिचा जुना कसणारा जवळच्या डोंगरउतारावर उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता.

आयरिश कुळ ठेवायचे नाही ही अट कधीच नीट पाळली गेली नाही, हे इथे सांगितले पाहिजे. जमीन मोठी, आणलेली माणसे थोडी. नव्या मालकाला नांगर चालवायला कोणीतरी लागणारच. तेव्हा त्याने जुन्याच माणसाला ठेवून घेतले, पण ठेवले ते हक्काशिवाय, केव्हाही हाकलता येईल असे. यापेक्षा त्याला सरळ हाकलले असते तर कदाचित एक पिढी रडून मोकळी झाली असती. तो तिथेच राहिला, रोज आपली बांधबंदिस्ती दुसऱ्याच्या नावावर पाहत राहिला. १६४१ साली त्याचा स्फोट झाला. दोन्हीकडची हजारो माणसे मेली. पुढच्या वर्षी ह्यू ओनीलचा पुतण्या ओवेन रो स्पेनच्या फौजेतली चाकरी सोडून लढायला परत आला. तेव्हापासून जे वैर पेटले ते विझता विझेना. १९२१ साली बेटाची फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले (हे सहा आणि जप्तीचे सहा अगदी तेच नव्हेत, डोनेगाल आणि कॅव्हन वगळून अँट्रिम आणि डाउन आले, शिक्षकांनी हा घोटाळा मुलांकडून होऊ देऊ नये). १९६० नंतरच्या दशकांत तिथे पुन्हा साडेतीन हजारांवर माणसे मारली गेली आणि १९९८ सालच्या करारानंतर कुठे शांतता आली.

आता परत आपल्या किनाऱ्यावर येऊ.

चौल हे फार प्राचीन बंदर. पोर्तुगिजांनी १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून खाडीच्या तोंडाशी, आज आपण रेवदंडा म्हणतो तिथे, कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्याला वेढा घातला, पण तो पडला नाही. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ साली घेतला. उत्तरेला वसईला त्यांचे मुख्य ठाणे होते. दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या मुलखाला ते ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत.

या मुलखात जे पोर्तुगीज उमराव राहत त्यांना म्हणायचे फिदाल्गो. शब्दाचा अर्थ मोठा मजेदार आहे: ‘कुणातरीचा लेक’! म्हणजे ज्याच्या बापाला विचारण्यासारखे काही आहे असा. वसईच्या कोटात या लेकांची इतकी दाटी होती, आणि जो तो नावामागे ‘दों’ हा मानाचा शब्द असा लावी, की लोक शहरालाच चेष्टेने ‘दों वसई’ म्हणत. राजा त्यांना गावेच्या गावे तीन पिढ्यांच्या बोलीने देई. त्यांनी ठरलेला फाळा भरायचा आणि वेळप्रसंगी घोडा घेऊन लढाईला उभे राहायचे. फाळ्याला शब्द होता ‘फोरो’. मुंबईतला फोरास रोड हा त्याच शब्दाचा वंशज. चौलला अशी गावे थोडीच. इथे राहणारे बहुतेक व्यापारी, पाद्री आणि शिपाई. खरी जमीनदारी होती वसई-साष्टीला.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आपांनी वसई घेतली. ती लढाई तुम्ही पुष्कळदा ऐकली आहे, तेव्हा ती मी सांगत नाही. मला सांगायच्या आहेत त्या तहाच्या अटी. कोटातल्या फौजेने हत्यारे घेऊन, नगारा वाजवीत, निशाण फडकावीत बाहेर पडावे. ज्याला जायचे असेल त्याने बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन जावे. ज्याला राहायचे असेल त्याने राहावे, त्याच्या धर्माला धक्का लागणार नाही. ख्रिस्ती लोकांसाठी तीन देवळे राहू द्यावी. फिदाल्गो गेले. गलबतांत बसून आधी मुंबईला इंग्रजांच्या आसऱ्याला, तिथून पुढे गोव्याला. युरोपियन पाद्री गेले, त्यांच्या जागी गोव्याचे देशी पाद्री आले.

चौलचा शेवट तर लढाईपेक्षा कागदावरच झाला. मराठी फौजा गोव्याच्या साष्टीत शिरल्या होत्या. गोवा वाचवायचा तर काहीतरी सोडणे भाग होते. पोर्तुगिजांनी चौल आधी मुंबईच्या इंग्रजांना देऊ केले. इंग्रज पक्के हिशेबी. त्यांनी पाहिले, राखायला खर्च फार, नफा थोडा. ते म्हणाले, आम्हाला नको, पण मध्यस्थी करतो. १७४० सालच्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. सव्वादोनशे वर्षांचे ठाणे गोव्याच्या एका तुकड्याच्या मोबदल्यात सुटले.

आणि मग? मग जे घडले नाही तेच महत्त्वाचे आहे. पुण्याहून कोणी फर्मान काढले नाही की दर हजार बिघ्यांमागे चोवीस घाटी कुणबी नेऊन वसवा आणि ख्रिस्ती कुळ जमिनीवर ठेवू नका. फिदाल्गोंची गावे सरकारजमा झाली, वसूल घेणारा बदलला. भात लावणारा, मिठागर राखणारा, माडावर चढणारा जागच्या जागी राहिला. त्याला हलवून सरकारचा काय फायदा? सारा तर तोच देणार.

यात आपल्या पूर्वजांचा मोठेपणा किती आणि व्यवहार किती, हे मला सांगता येणार नाही, आणि केवळ मोठेपणाच होता असे म्हणणे बरे दिसणार नाही. वसईत बाटलेल्यांना शुद्ध करून घेण्याच्या खर्चासाठी रयतेवर पट्टी बसवली गेली होती, ती ख्रिस्ती रयतेला गोड लागली नसणार. देवळांच्या घंटा उतरवून नेल्या. त्यांतल्या भीमाशंकरला, मेणवलीला, नाशकात नारोशंकराच्या देवळात तुम्ही पाहिल्याही असतील. जिंकणारा जिंकल्यासारखाच वागतो. पण जमिनीवरच्या माणसाला उपटून तिथे दुसरा लावायचा, हा अल्स्टरचा प्रयोग इथे झाला नाही. म्हणूनच वसई-साष्टीचे ख्रिस्ती कोळी, कुपारी, वाडवळ आज आपापल्या मराठी बोली बोलत आपल्याच गावांत आहेत, आणि शेजारच्या हिंदूंशी त्यांचे भांडण असलेच तर ते विहिरीच्या पाण्याचे नाहीतर बांधाचे असते, चारशे वर्षांपूर्वीच्या गलबताचे नसते.

अर्थात उमराव गेला म्हणजे कुळाचे दैन्य संपले, असे मात्र इकडेही झाले नाही. उमरावाच्या जागी खोत आला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या संपाची गोष्ट इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवले की खोताची जमीन कसायची नाही. सहा वर्षे भात लावले नाही. जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, पाला-कंद खाल्ले, पण नांगर धरला नाही. डॉक्टर आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला, १९३७ साली खोती मोडण्याचे बिल विधिमंडळात मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

आणि पाहा, आयर्लंडातही १८८० साली हेच झाले होते. मेयो जिल्ह्यात एका जमीनदाराचा कारभारी होता, कॅप्टन बॉयकॉट. कुळांनी त्याच्याशी सगळाच व्यवहार बंद केला. पीक उभेच राहिले. शेवटी ते कापायला पन्नास माणसे आणावी लागली, ती अल्स्टरमधून, कॅव्हन आणि मोनाहान जिल्ह्यांतून, बरोबर बंदुकवाल्या शिपायांचा बंदोबस्त! आपण ज्याला बहिष्कार म्हणतो त्याला इंग्रजीत त्या कॅप्टनचेच नाव पडले. अल्स्टरमध्ये बाहेरच्या माणसांना वसवल्याला तेव्हा पावणेतीनशे वर्षे झाली होती, आणि तरी आयरिश कुळाविरुद्ध माणूस हवा म्हटले की तो तिथूनच मागवायचा. चरीच्या शेतावर मात्र असा परका भाडोत्री उभा राहिला नाही. ती जमीन सहा वर्षे पडीक राहिली.

आता कोर्लईच्या त्या म्हाताऱ्यांकडे येऊ, त्या तरीत वाट पाहत आहेत.

किल्ल्यातून फिदाल्गो आणि त्यांचे कप्तान गेले, तेव्हा चाकरीतली ख्रिस्ती माणसे मागे राहिली. बहुतेक इथलीच, बाटून ख्रिस्ती झालेली. काही घरांत पोर्तुगीज शिपायाचे रक्त. गलबतात त्यांना जागा कोण देणार? ती डोंगर उतरून पायथ्याशी राहिली, शेती करू लागली. एका बाजूला हिंदू, दुसऱ्या बाजूला मुसलमान, मधे ही ख्रिस्ती वस्ती. सोयरीक आपसांत, मागे डोंगर, पुढे खाडी. अशा कोंडीत बोली टिकते. मुंबईच्या ख्रिस्ती लोकांतही एकेकाळी अशीच पोर्तुगीज बोली होती, ती शहराच्या गर्दीत विरघळून गेली. कोर्लईला गोव्याचे पाद्री येत, प्रार्थना बरीच वर्षे पोर्तुगीज भाषेत चाले, तेवढाच जुन्या मालकाशी धागा.

भाषापंडितांनी या बोलीचा अभ्यास केला आहे. ते सांगतात, शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीची. पोर्तुगीज माणूस क्रियापद मधे ठेवतो, कोर्लईकर आपल्यासारखे शेवटी. म्हणजे घर पोर्तुगीज लाकडाचे, पण बांधले आमच्या सुताराने. आणि आपण तरी काय निराळे? सकाळी पाव खातो, बटाट्याची भाजी करतो, बादलीने पाणी काढतो, घमेल्याने माती उचलतो, महिना संपला की पगार घेतो, कपाटाची चावी हरवली की घर डोक्यावर घेतो. हे सारे शब्द त्याच गलबतांतून उतरलेले.

आयर्लंडात याच्या अगदी उलट झाले. तिथे सरदार गेले तेव्हा त्यांच्या दारचे कवी आणि बखरकार पोरके झाले, दरबारची आयरिश भाषा मालकाबरोबर ओसरत गेली, आणि त्याच मातीत स्कॉटिश शेतकऱ्याची बोली रुजली. इकडे मालकाची भाषा त्याच्या चाकराने ठेवून घेतली. ती कशासाठी ठेवली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मालकाच्या प्रेमाने म्हणावे तर तीनशे वर्षे कोणी प्रेम करीत नाही. मला वाटते, ती मालकाची आहे हे ते केव्हाच विसरले. म्हणून तर ती ‘आपली भाषा’.

पूल झाल्यापासून कोर्लईची मुले एस. टी.त बसून रेवदंड्याला, अलिबागेला शिकायला आणि नोकरीला जातात. शाळा मराठी, बाजार मराठी, रेडिओ-टीव्ही मराठी-हिंदी. घरात आजी एका भाषेत हाक मारते, नातू दुसऱ्या भाषेत ओ देतो. खाडीने जे राखले ते पुलाने सैल केले. पूल नको होता असे कोणी म्हणणार नाही, अडल्या बाळंतिणीला रात्री तरीची वाट पाहावी लागे ते दिवस ज्यांनी पाहिले ते तर मुळीच म्हणणार नाहीत.

ज्या शिक्षकांना मुलांची सहल न्यायची असेल त्यांनी सकाळी रेवदंड्याचा तट आणि सातखणी पाहून घ्यावी, ऊन चढण्यापूर्वी कोर्लईचा किल्ला चढावा. वर प्यायला पाणी मिळेल असे धरून चालू नये, बरोबर न्यावे. उतरल्यावर गावात ख्रिस्ती आळीत जावे, वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा, आणि मुलांना सांगावे की एक ते दहा आकडे विचारून वहीत लिहून घ्या. परत आल्यावर फळ्यावर मराठी आकडे आणि कोर्लईचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. आमच्या शाळेने हे केले तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, त्या आजी म्हणाल्या, तुमचे उच्चार चुकतात, पुन्हा या.’

आम्ही पुन्हा गेलो होतो.